ज्योतीराम रस्ता

भामखेडच्या पंचायतीनं गावातल्या बारा रस्त्यांना नावं दिली ती एकाच बैठकीत. इतकं झटपट काम त्या पंचायतीनं त्याआधी कधी केलं नव्हतं आणि पुढंही केलं नाही. वरून कागद आला होता. रस्त्यांना नावं द्या, पाट्या लावा, तक्रारींची वही ठेवा आणि वहीत ज्या रस्त्याची तक्रार असेल त्याच रस्त्यावर मुरूम टाका. सरपंच सोपानरावांनी सगळ्यांना चावडीत बोलावलं. सगळ्यांना म्हणजे बाप्यांना. बायका मागच्या बाजूला चहा करत होत्या.

देवाची नावं द्यावीत तर कुठला देव यावरून भांडण, पुढाऱ्यांची द्यावीत तर त्याहून मोठं भांडण. तेव्हा ज्या गल्लीत जो मोठा माणूस होऊन गेला किंवा अजून आहे, त्याचंच नाव गल्लीला द्यावं, असं शहाणपण कुणीतरी सुचवलं. ते सगळ्यांना लगेच पटलं. आपल्या आज्याचं नाव पाटीवर येणार म्हटल्यावर नाही कोण म्हणेल? चहा दुसऱ्यांदा फिरला तोवर यादी पुरी झाली होती. सायकलवाल्या अन्वरचं अक्षर चांगलं, म्हणून पाट्या रंगवायचं काम त्याला मिळालं. आठवडाभरात बाराही पाट्या ठोकून झाल्या. पूर्वी गावात 'चिंचेचा रस्ता' तीन होते, कारण चिंचा तीन होत्या. असली जुनी नावं वहीतून काट मारून काढली.

घोडं कुठं पेंड खाणार आहे ते चावडीतल्या एकाही शहाण्याच्या ध्यानात आलं नाही. या गावातली बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. सासऱ्याचं घेत नाही, थोरल्या दिराचं घेत नाही, मरून गेलेल्या आजेसासऱ्याचंही घेत नाही. नाव घेतलं की माणसाचं आयुष्य कमी होतं, हे तिला परकर नेसायच्या वयापासून ऐकवलेलं. आणि ती ज्या गल्लीत नांदते तिथला मोठा माणूस तिचा यांपैकी कुणीतरी असायचाच. अन्वरची आई मदिना, तिच्या गल्लीला तिच्या सासऱ्याचं नाव. तिचीही तीच गत. थोडक्यात, गावातल्या जवळजवळ प्रत्येक बाईला अकरा रस्त्यांची नावं बिनधास्त घेता येत होती. अडचण फक्त स्वतःच्या दारासमोरच्या रस्त्याची होती.

रतनबाईच्या दारासमोरच्या रस्त्याला तिच्या नवऱ्याचं नाव मिळालं. ज्योतीराम रस्ता.

ज्योतीराम नाशिक रोडवर मैलकुली होता. चाकणच्या अलीकडचे दोन मैल त्याच्याकडे. खड्डा पडला की खडी भरायची, वर मुरूम टाकायचा, पाणी मारायचं आणि जड धुमुसानं ठोकून बसवायचं. बावीस वर्षं त्यानं दुसरं काही केलं नाही. सुट्टीच्या दिवशी माणसं देवाला जातात, पाहुण्याकडं जातात. हा आपल्या गल्लीतले खड्डे बुजवत बसायचा. तीन वर्षांपूर्वी एका मालट्रकनं त्याला रस्त्यावरच चिरडलं. तेव्हा गल्लीला त्याचं नाव दिलं यात पंचायतीचं काही चुकलं नव्हतं. पाटी लागली त्या दिवशी रतनबाईनं तिच्यावरची धूळ पदरानं पुसली होती. वाचता येत नव्हतं, तरी अक्षरांवरून बोट फिरवलं होतं. तिला बरं वाटलं होतं, ते ती कुणापासून लपवत नव्हती.

पण नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तशी त्या रस्त्याची दशा होती. हा गेल्यावर खड्ड्यांकडं बघायला कुणी उरलं नाही. गल्लीच्या तोंडाशी ओढ्याचं पाणी रस्त्याखालून काढून देणारी दगडी मोरी होती, ती खचून एका बाजूला हातभर भगदाड पडलं होतं. आदल्या साली आखाडात रतनबाईची सून शालन अडली. तिला बैलगाडीत घालून चाकणच्या दवाखान्यात न्यायला निघाले, तर चाक त्या भगदाडात गेलं आणि आरा मोडला. दुसरी गाडी येईपर्यंत तास दीड तास गेला. मूल गाडीतच झालं, पण रडलं नाही. शालन त्यानंतर मोरीवरून जाताना खाली बघत नाही, हे रतनबाईनं पाहिलेलं होतं.

आणि आता लेक अंबू बाळंतपणाला यायची होती. आळंदीहून तिच्या सासरचा सांगावा आला होता: मार्गशीर्षात पाठवतो, माघात मोकळी होईल, पहिलटकरीण आहे, जपा. सांगावा ऐकून रतनबाईला आनंद व्हायच्या आधी मोरी दिसली. लेकीचं जे व्हायचं ते होईल, पण चाकणला न्यायची वेळ आली तर गाडी त्या भोकावरून न्यावी लागेल. एवढी एकच गोष्ट तिच्या डोक्यात बसली, ती उठेना.

दिवाळी झाल्यावर ती पंचायतीत गेली. तिथं मांजरेकर नावाचे कारकून होते, मूळचे कोकणातले. माणूस सरळ, वहीला देव मानणारा.

"कुठला रस्ता?" त्यांनी टाक शाईत बुडवून विचारलं.

"आमच्या दारावरनं जातू त्यो. मोरी खचलीया बगा."

"नाव?"

"तुमाला ठावं हाय की, भाऊसाहेब. पाटी लागलीया."

"मला ठाऊक असून चालत नाही, बाई. तुमच्या तोंडून यायला हवं."

"आता म्या कसं घिऊ?" रतनबाई हसली. तिला वाटलं, कारकून चेष्टा करतोय. "तुमी म्हना, म्या व्हय म्हंते."

मांजरेकरांनी टाक खाली ठेवला. ते चेष्टा करत नव्हते. दुधानं तोंड पोळलं होतं त्यांचं. आदल्याच महिन्यात गवराबाई अशीच तक्रार घेऊन आली होती. तिचं घर दोन गल्ल्यांच्या कोपऱ्यावर, एकीला सासऱ्याचं नाव आणि खड्ड्यांच्या दुसरीला थोरल्या दिराचं. मांजरेकरांनी एका रस्त्याचं नाव घेऊन विचारलं, "हाच का?" ते नाव नेमकं गवराबाईच्या सासऱ्याचं. मामंजींचं नाव कानी पडल्याबरोबर गवराबाईनं पदर पुढं ओढून मान खाली घातली. ती मर्यादेनं मान घालत होती, मांजरेकरांना तो होकार वाटला. चार गाड्या मुरूम चांगल्या धडधाकट रस्त्यावर पडला आणि खड्ड्यांचा रस्ता तसाच राहिला. सोपानराव चारचौघांत कारकुनाला वाटेल ते बोलले आणि हुकूम दिला: यापुढं मान हलवलेली चालणार नाही, चिठ्ठी चालणार नाही, शेजाऱ्यानं सांगितलेलं चालणार नाही. ज्याचं दार त्या रस्त्यावर, त्यानं स्वतःच्या तोंडानं नाव सांगायचं.

"माझा नाइलाज आहे," मांजरेकर म्हणाले. "घरातला पुरुष पाठवा. कार्तिकी अमावास्येला यादी बंद होते. मग पुढल्या दिवाळीलाच."

रतनबाई घरी आली ती कोंडीरामला गाठायचं ठरवून. कोंडीराम तिचा धाकटा दीर, शेजारच्याच घरात. भावाचं नाव घ्यायला त्याला कुणाची बंदी नव्हती.

"व्हय वैनी, आत्ता जातो," कोंडीराम म्हणाला.

तो गेलाही. पंचायतीच्या ओट्यावर बसला, कांद्याच्या भावावर बोलला, चहा प्याला आणि संध्याकाळी परत आला. रतनबाईनं विचारलं तेव्हा त्यानं कपाळावर हात मारून घेतला. दुसऱ्या खेपेला मांजरेकर तालुक्याला गेले होते. तिसऱ्या खेपेला कोंडीराम निघालाच नाही, कारण त्याला पाणी धरायचं होतं. कोंडीराम लबाड नव्हता. त्याच्या पायाला ती मोरी कधी बोचलीच नव्हती, इतकंच. तो शेताकडं बांधानं जायचा. पाण्याचे हंडे घेऊन मोरीवरून दिवसाला सहा खेपा घालायच्या त्या बायकांनी.

मुलगा धर्माजी होता, पण तो पिंपरीला नव्या कारखान्यात लागला होता. शनिवारी रात्री यायचा, रविवारी संध्याकाळी सायकलवर टांग टाकून परत. रविवारी पंचायतीला कुलूप. एक दिवस खाडा कर म्हणावं तर नोकरी कच्ची, नाव कमी होईल ही धास्ती. लेकीला बापाचं नाव घेता आलं असतं, पण लेकीचं दार आता आळंदीला. गल्लीतली बाकीची घरं सगळी एका भावकीतली. बाप्ये कोंडीरामसारखेच आज-उद्या करणारे, आणि बायकांपैकी कुणाचा ज्योतीराम चुलत सासरा, कुणाचा थोरला दीर. पाच बायका वेगवेगळ्या दिवशी पंचायतीत जाऊन आल्या. पाचही जणी मोरीचं वर्णन भगदाडासकट करून आल्या आणि नावापाशी येऊन मिठाची गुळणी धरून परतल्या. मांजरेकरांच्या वहीत ज्योतीराम रस्त्याचं पान कोरं राहिलं. वही बघून सोपानराव म्हणाले म्हणे, "ज्योतीरामचा रस्ता अजून चांगला हाय. माणूसच तसा हुता."

हे रतनबाईच्या कानावर आलं आणि ती संतापली.

अमावास्या आली. सकाळी रतनबाईनं कोंडीरामच्या दाराकडं बघितलं. तो पहाटेच शेतावर गेला होता. तिनं लुगडं बदललं आणि शालनला म्हणाली, "भाकरी टाकून ठिव. म्या येती."

पंचायतीत शेवटच्या दिवसाची गर्दी होती. ओट्यावर दहाबारा माणसं, आत सोपानराव तक्क्याला टेकून सुपारी कातरत बसलेले. गवराबाई दारापाशी खांबाला धरून उभी होती. रतनबाई तिला ओलांडून आत गेली आणि मांजरेकरांच्या पुढ्यात बसली.

"कुठला रस्ता?" मांजरेकरांनी विचारलं. मग तिला ओळखून त्यांनीच मान खाली घातली. त्यांना बिचाऱ्यांना लाज वाटत होती.

रतनबाई बोलायला गेली, पण शब्द आला नाही. एकतीस वर्षांच्या संसारात तो शब्द तिच्या तोंडातून एकदाही गेला नव्हता. हाक मारायची तर 'अवं', नाहीतर 'ऐकलं का'. आणि तिथं बसल्या बसल्या तिला तो दिवस आठवला. खरं तर तो ती विसरलीच नव्हती. कुणाला सांगितला मात्र नव्हता.

त्या दिवशी ती भाकरी घेऊन नाशिक रोडवर गेली होती. वरच्या बांधावरून तिला पाच जण काम करताना दिसत होते. पाचही जण पाठमोरे. ज्योतीराम धुमुस मारत होता. वळणावरून मालट्रक आला तो डगमगत, रस्त्याच्या कडेला घसरत. तिला दिसला, त्यांना दिसला नाही. ती जिवाच्या आकांतानं ओरडली, "अवं! अवं, मागं बगा!" चौघांनी वर बघितलं. चौघांनाही बायका होत्या, चौघंही घरी 'अवं'ला वळायचे. ट्रक बघून ते चरात उड्या टाकून वाचले. पाचव्याच्या कानात धुमुसाचा आवाज होता. त्यानं वर बघितलं नाही. एका शब्दाचं काम होतं. तो शब्द तिच्या तोंडाशी आला होता आणि तिनं तो गिळला होता, त्याचं आयुष्य कमी होऊ नये म्हणून.

"बाई," मांजरेकर हळूच म्हणाले, "पुढच्या सालीसुद्धा..."

"ज्योतीराम," रतनबाई म्हणाली.

सोपानरावांचा अडकित्ता थांबला.

"ल्हिवा. ज्योतीराम रस्ता. मोरी खचलीया, उजव्या अंगाला हातभर भोक हाय. गाडीचं चाक मावतं. वर निस्ता मुरूम टाकू नगा, मुरूम धुऊन जातू. आदी मोठं दगड बसवा, मग खडी, मग मुरूम. ज्योतीराम रस्ता. ल्हिवलं का?"

"लिहिलं," मांजरेकर म्हणाले. त्यांनी खरंच लिहिलं होतं.

ओट्यावरून कुणीतरी चुकचुकलं. सोपानराव वयानं मोठे, त्यांना राहवलं नाही. "रतनबाई, आसं चारचौगात नाव... बरं न्हाई दिसत."

"काय बरं न्हाई दिसत, सरपंच?" ती त्यांच्याकडं वळली. आवाज चढलेला नव्हता. "नाव घेतलं की आयुष्य कमी हुतं म्हंत्यात. त्येंचं आता काय कमी व्हायचं ऱ्हायलंय? गेल्या साली माजा नातू त्या भोकात गेला. तुमच्या वहीत रस्ता चांगला. तुमी पाटीला नाव दिलं, लई चांगलं केलं. पर त्यो रस्ता ज्या तुडवत्यात, त्यांना त्येचं नाव घेता येत न्हाई, ह्ये एकाला बी सुचलं न्हाई?"

सोपानराव चिडतील असं सगळ्यांना वाटलं होतं. पण ते सुपारीचं खांड खाली ठेवून मांजरेकरांना म्हणाले, "मोरी पयली घ्या."

रतनबाईनं अंगठा उठवला आणि बाहेर आली. पंचायतीमागच्या चिंचेखाली ती बसली आणि पोटभर रडली. नवरा गेला तेव्हा ती माणसांत रडली होती. हे रडणं निराळं होतं. नाव घेतल्यानं आभाळ कोसळलं नाही, पृथ्वी दुभंगली नाही, एक शब्द तेवढा बाहेर पडला. तो तीन वर्षांपूर्वी पडायला हवा होता.

मागून गवराबाई आली आणि तिच्याजवळ बसली. तिनंही आपल्या थोरल्या दिराचं नाव सांगितलं होतं. भीतीनं एवढं हळू, की मांजरेकरांनी तीनदा विचारलं आणि तिला तीनदा घ्यावं लागलं.

आठ दिवसांत मोरीचं काम निघालं. दगडांच्या गाड्या आल्या, खडी आली. कामावरचा मुकादम नुसता मुरूम ओतून मोकळा होऊ बघत होता, पण रतनबाई सकाळपासून मोरीवर बसून होती. दगड कसा बसवायचा, अणकुचीदार टोक वर ठेवायचं की खाली, किती पाणी मारायचं, हे बावीस वर्षं भाकरी घेऊन जाताना तिनं पाहिलं होतं. मुकादम कंटाळून म्हणाला, "मावशी, तुमीच घ्या मुकादमकी." ती म्हणाली, "दे की."

अंबू मार्गशीर्षात आली. गाडी मोरीवरून गेली तेव्हा पोटातलं पाणी हललं नाही. माघात तिच्या कळा सुरू झाल्या आणि सुईण म्हणाली, मूल आडवं आहे, माझ्याच्यानं होणार नाही. सकाळी उजाडताच गाडी जुंपली. कोंडीरामनं बैल हाणले, रतनबाई लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसली. मोरी आली तशी तिनं अंबूचा हात घट्ट धरला. चाकं खडखडली आणि पुढं गेली. चाकणला पोचल्यावर डॉक्टर म्हणाला, अर्धा तास उशीर झाला असता तर कठीण होतं. मुलगी झाली. दवाखाना डोक्यावर घेईल अशी रडली. तिथल्या बाकावर रतनबाईनं दोन्ही हात जोडले, पण ते कुठल्या देवाला ते तिलाही सांगता आलं नसतं.

फाल्गुनात एका रविवारी गल्लीच्या खालच्या अंगाला उरलेला मुरूम टाकायचं निघालं. पंचायतीनं मुरूम दिला, हात गल्लीनं द्यायचे. धर्माजी सुट्टीवर होता. तो, कोंडीराम आणि भावकीतले दोघं असे चौघं कामाला लागले. बापाचा धुमुस धर्माजीनं माळ्यावरून काढला होता. ऊन वर आलं, भाकऱ्या झाल्या आणि रतनबाईनं शालनला हाक मारायला पाठवलं.

शालन कडेला जाऊन उभी राहिली. "अवं," ती म्हणाली. धुमुस चालूच होता. "अवं, ऐकलं का?"

कोंडीरामनं वर बघितलं. भावकीतल्या दोघांनीही बघितलं. धर्माजी पाठमोरा होता, तो ठोकतच राहिला.

रतनबाई उंबऱ्यातून हे बघत होती. ती हातातलं काम टाकून आली आणि सुनेच्या शेजारी उभी राहिली.

"तसं नगं," ती म्हणाली. "नावानं हाक मार."

"आत्याबाई!" शालन घाबरली. "सगळी हायेत की. आन् नाव घेतलं तर त्येंचं..."

"काय बी हुत न्हाई. म्या न्हाई मारली, तवा झालं."

शालननं सासूच्या तोंडाकडं पाहिलं. तिला अर्थ लागायला वेळ लागला, पण लागला. पहिल्यांदा नाव ओठांतच राहिलं. दुसऱ्यांदा ते साऱ्या गल्लीला ऐकू गेलं.

"धर्माजी!"

धुमुस थांबला आणि धर्माजीनं मागं वळून पाहिलं.